मदतीला धावण्याआधी दहा सेकंद

रात्रीची वेळ. महामार्गावर एक दुचाकी घसरून पडलेली असते. मागून येणारा मोटारचालक गाडी थांबवतो आणि दार उघडून थेट जखमीकडे धावतो. त्याला फक्त रस्त्यावर पडलेला माणूस दिसत असतो. मागून भरधाव येणारा ट्रक दिसत नाही. अशाने एका अपघाताचे दोन होतात आणि मदतीला आलेल्यालाच रुग्णवाहिकेत घालावे लागते.

याला केवळ निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. धक्कादायक दृश्य दिसताच शरीरात अ‍ॅड्रेनलिन स्रवते, हृदयाचे ठोके वाढतात आणि लक्ष एकाच गोष्टीवर खिळते. आजूबाजूचे दिसणे, ऐकू येणे मागे पडते. म्हणूनच प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणात जखम बांधण्याआधी शिकवतात ते जागा सुरक्षित आहे का, हे पाहायला. पुढे होण्यापूर्वी थांबावे, चारी बाजूंना, वर आणि खाली नजर टाकावी, कसला वास येतो का ते पाहावे. त्याला दहा सेकंद पुरतात.

रस्त्यावर सर्वांत मोठा धोका वाहनांचा. ताशी 80 किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात सुमारे 22 मीटर पुढे जाते. चालकाला धोका दिसल्यापासून ती पूर्ण थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावरही 50 मीटरहून अधिक अंतर लागते. ओल्या रस्त्यावर ते आणखी वाढते. त्यामुळे इशाऱ्याचा लाल त्रिकोण दहा पावलांवर ठेवून भागत नाही. महामार्गावर तो 50 ते 100 मीटर मागे हवा आणि वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. तो ठेवायला रस्त्याच्या कडेने, येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून जावे. आपली गाडी रस्त्याच्या बाहेर घ्यावी, चारही इंडिकेटर चालू ठेवावेत. दोन वाहनांच्या मध्ये उभे राहू नये. डिकीत चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट असले तर फारच उत्तम.

गाडी विजेच्या खांबावर आदळली असेल तर तार कुठे आहे, ते आधी पाहावे. खाली पडलेल्या तारेतून वीज जमिनीत पसरते आणि तारेपासून दूर जावे तसा विद्युतदाब कमी होतो. लांब पाऊल टाकले, तर दोन पायांखालच्या दाबात फरक पडून वीज शरीरातून वाहू शकते. किमान दहा मीटर दूर राहावे, काठीने तार हलवू नये. वीज कंपनीने पुरवठा बंद केल्याचे सांगेपर्यंत, आग लागली नसेल तर, गाडीतल्यांना आतच बसायला सांगावे. टँकरमधून गळती होत असेल तर लांब, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला थांबावे.

रक्तातून हिपॅटायटिस बी, एचआयव्ही यांसारखे संसर्ग होऊ शकतात. हातमोजे नसतील तर हातावर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी चढवावी. फुटलेल्या काचांकडे लक्ष ठेवावे. बघ्यांपैकी एकाला नेमके 108 वर फोन करायला, दुसऱ्याला सुरक्षित अंतरावरून वाहनांना इशारा द्यायला सांगावे. जमाव चिडलेला असेल तर बाजूला होऊन 112 वर पोलिसांना बोलवावे.

पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल म्हणून कचरण्याचे मात्र कारण नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 134 अ सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देते.

जागा सुरक्षित नसेल, तर जखमीजवळ न जाता दूर उभे राहून फोन करणे, किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगणे आणि मागच्या वाहनांना सावध करणे, हीसुद्धा मदतच आहे. जखमीपर्यंत रुग्णवाहिका पोहोचते ती त्यामुळेच.