गाळून झाल्यावरचं काम

मूत्रपिंड म्हणजे शरीराची गाळणी, असं शाळेच्या पुस्तकापासून दवाखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्यापर्यंत सगळीकडे सांगितलेलं असतं. ते खोटं नाही, पण त्यात या अवयवाचं सोपं काम तेवढं येतं. एकेका मूत्रपिंडाचं वजन जेमतेम दीडशे ग्रॅम, तरी हृदयातून दर मिनिटाला निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा या जोडीकडे वळतो. त्यातून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि लघवी होते दीड-दोन लिटर. अंगातला सगळा रक्तद्रव असतो तीन लिटरांच्या आसपास. म्हणजे तो दिवसातून साठेक वेळा गाळला जातो. नुसतंच गाळत बसलं, तर अर्ध्या तासात माणूस कोरडा पडेल. गाळलेलं परत घेणं, तेही निवडून, हे मूत्रपिंडाचं खरं काम.

माल्पिगीने सतराव्या शतकात मूत्रपिंडातले बारीक गोळे पाहिले. ते गोळे नलिकांना जोडलेले आहेत, हे बोमनने १८४२ मध्ये दाखवलं. नलिका आतलं काही परत शोषते की उलट त्यात भर घालते, यावर मात्र पुढे कित्येक दशकं वाद चालला. त्याला हात घातला फिलाडेल्फियातल्या वर्न आणि रिचर्ड्स यांनी, १९२४ मध्ये, तोही बेडकावर. काचेची केसासारखी नळी सूक्ष्मदर्शकाखाली एकाच गोळ्याच्या वेष्टनात शिरवायची आणि थेंबभरही नसलेला द्रव ओढून घ्यायचा. त्यात साखर सापडली, क्लोराइड सापडलं. त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या लघवीत दोन्ही नव्हती. गोळा आणि मूत्राशय यांच्यामध्ये कुणीतरी ती उचलून घेतली होती. इतक्या चिमुकल्या द्रवातून एवढ्या जुन्या वादाला मिळालेली दिशा पाहिली, की त्या हातांच्या स्थिरतेचं कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

आधी सगळं बाहेर काढायचं आणि मग ९९ टक्के परत आणायचं, हा उफराटा कारभार वाटेल. मूत्रपिंडं वापरतात त्या ऑक्सिजनचा मोठा वाटा सोडियम परत ओढण्यातच जातो. पण केवळ नको ते वेचून टाकायचं, तर प्रत्येक नको असलेला पदार्थ ओळखणारी यंत्रणा हवी. इथे ओळख ठेवावी लागते ती मुख्यतः हव्या असलेल्यांची: साखर, मीठ, अमिनो आम्लं, पाणी. गाळल्या गेलेल्या बाकीच्यांना बहुधा वाट मोकळीच. दुसरा आक्षेप डायलिसिसचा: यंत्र नुसतं गाळतं, तरी माणूस जगतोच की! जगतो, पण आठवड्यातून तीनदा चार-चार तास यंत्राला जोडून घेऊन, पाणी मोजून पिऊन, आणि बहुतेकदा रक्त वाढवणारी इंजेक्शनं घेऊन. पाणी किती राखायचं, मीठ किती सोडायचं, हा घडोघडीचा निर्णय यंत्राला घेता येत नाही.

काळजीची बाब अशी, की हा अवयव तक्रार करत नाही. गाळणारा गोळा आणि परत शोषणारी त्याची नलिका मिळून होतो एक नेफ्रॉन; एका मूत्रपिंडात असे सरासरी दहा लाख. ते सगळे जन्माआधीच तयार होतात, नंतर नवा एकही येत नाही. काही बंद पडले की उरलेले जास्त दाबाखाली जास्त गाळतात. म्हणून जवळपास निम्मी क्षमता गेली तरी रक्तातल्या क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थाचा आकडा रिपोर्टात नॉर्मल दिसू शकतो. हाच जादा दाब उरलेल्यांनाही झिजवतो. मधुमेहात तर नलिका साखरेबरोबर सोडियमही हावरटासारखं परत ओढतात. पुढे मीठ कमी पोहोचलं की मूत्रपिंडाला वाटतं गाळण कमी पडतेय, आणि ते गोळ्यात शिरणारी रक्तवाहिनी आणखी सैल सोडतं. परत घेण्याची ही सवय अडवणाऱ्या ग्लिफ्लोझिन गटातल्या औषधांनी साखर लघवीवाटे जाते, पुढे मीठ पुरेसं पोहोचतं, वाहिनी आवळते आणि गोळ्यातला दाब उतरतो. दीर्घकाळात मूत्रपिंड अधिक टिकतं, हे मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे. मात्र दाब उतरला की गाळणही घटते, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसतं, आणि तो आकडा पाहून औषध परस्पर बंद करणारे रुग्णही असतात.