गेमिंग कॉम्प्युटर : तयार घ्यावा की जोडून घ्यावा?

दहावीचा निकाल लागतो, टक्के मनासारखे पडतात आणि कबूल केलेल्या बक्षिसाची आठवण निघते.

"बाबा, गेमिंग पीसी घेऊ म्हणाला होतात."

"हो, म्हणालो होतो. शनिवारी जाऊ आणि चांगल्या कंपनीचा घेऊन टाकू."

"कंपनीचा नको हो. तेवढ्याच पैशात सगळे पार्ट आणून मी स्वतः जोडतो."

"आणि बिघडला तर?"

हा शेवटचा प्रश्न बहुधा आईचा असतो आणि तो आला की बापलेक दोघेही क्षणभर गप्प होतात.

महादेवपुरातल्या सोसायट्यांमधून असे संवाद नवे नाहीत. बंगळुरूच्या पूर्वेचा हा भाग २००७ मध्ये महापालिकेत सामील झाला. आउटर रिंग रोड आणि व्हाइटफील्डच्या परिसरातील कंपन्यांमुळे पुणे, नागपूर, कोल्हापूर, बेळगावकडची मराठी कुटुंबे इकडे येऊन स्थिरावली. घरातले वडील दिवसभर कॉम्प्युटरवरच काम करतात खरे. पण ऑफिसचा लॅपटॉप बंद पडला की आयटी विभागाला कळवायचे, एवढाच अनेकांचा त्याच्या पोटातल्या भागांशी संबंध. त्यामुळे घरासाठी लाखभर रुपयांचे यंत्र घेताना तेही इतरांसारखेच गोंधळतात. मुलाला पूर्ण 'नाही' म्हणवत नाही आणि त्याच्या भरवशावर एवढे पैसे सोडवतही नाहीत.

फरक नेमका काय?

तयार, म्हणजे 'ब्रँडेड' कॉम्प्युटर कंपनीकडून जोडून, तपासून आणि बहुधा विंडोजसह येतो. खोके उघडायचे, वायरी लावायच्या, की काम सुरू. दुसऱ्या प्रकारात प्रोसेसर आणि त्याचा कूलर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस आणि कॅबिनेट हे भाग आपण निवडायचे आणि घरी किंवा दुकानात जोडून घ्यायचे. यालाच आपल्याकडे 'असेंबल्ड' म्हणतात.

आज पन्नाशीत असलेल्यांना हा शब्द चांगला परिचयाचा आहे. आयबीएमने १९८१ मध्ये आपला पीसी बाजारात आणला तो खुल्या रचनेचा होता. त्यामुळे इतर कारखान्यांनाही त्याला चालतील असे भाग बनवता आले. पुढे १९९५ मध्ये इंटेलने मदरबोर्ड आणि एसएमपीएस यांच्या मापांचा 'एटीएक्स' नमुना आणला. एका कंपनीचा मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये आजही नीट बसतो, तो अशा ठरलेल्या मापांमुळेच. नव्वदच्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेले असेंबल्ड कॉम्प्युटर मध्यमवर्गीय घरांत शिरले ते मुख्यतः किमतीमुळे. ब्रँडेड यंत्र तेव्हा अनेकांच्या आवाक्याबाहेर होते.

पैशांचा हिशेब

'असेंबल्ड म्हणजे स्वस्त' हे गणित मात्र आता डोळे झाकून मांडता येत नाही. जीएसटी तयार कॉम्प्युटरवर १८ टक्के आणि सुट्या भागांवरही १८ टक्केच. मोठी कंपनी भाग घाऊक दराने घेते, आपण किरकोळीत घेतो. उलट कंपनी जोडणीचा, हमीचा आणि जाहिरातीचा खर्च किमतीत धरते. पारडे कुठे झुकेल हे त्या त्या वेळच्या बाजारावर ठरते.

२०२१ मध्ये जगभर चिप्सचा तुटवडा होता आणि आभासी चलन मिळवण्यासाठीही ग्राफिक्स कार्डे उचलली जात होती. तेव्हा सुटे कार्ड इतके महाग झाले, की कित्येकांनी आतल्या कार्डासाठी अख्खा तयार कॉम्प्युटर घेतला. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाची पद्धत बदलली, कार्डांची ती मागणी संपली आणि वापरलेली कार्डे स्वस्तात विक्रीला आली. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने रॅमचे भाव झपाट्याने चढले. अशा वेळी जुन्या भावाने बनलेला तयार कॉम्प्युटर सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा स्वस्तही पडू शकतो.

तेव्हा शेजाऱ्याने दोन वर्षांपूर्वी किती वाचवले हे विचारण्यापेक्षा एक कागद घ्यावा आणि त्यावर दोन रकाने आखावेत. एकात तयार कॉम्प्युटरची किंमत लिहावी; दुसऱ्यात तशाच भागांची त्याच दिवशीच्या भावाने बेरीज करावी. असेंबल्डच्या रकान्यात विंडोजच्या परवान्याचे पैसे लिहायला विसरू नये, कारण ते बहुतेक वेळा विसरले जातात. मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि यूपीएस दोन्हीकडे धरावेत.

जाहिरात काय सांगत नाही

तयार गेमिंग कॉम्प्युटरच्या जाहिरातीत प्रोसेसरचे नाव मोठ्या अक्षरात असते आणि काचेच्या कॅबिनेटमध्ये रंगीत दिवे लुकलुकत असतात. पण खेळातले चित्र सेकंदाला साठ किंवा त्याहून अधिक वेळा रेखाटण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. म्हणून एक लाखाच्या यंत्रात साधारण पस्तीस ते चाळीस हजार रुपये कार्डावर खर्च होणे योग्य मानले जाते. प्रोसेसर दिमाखदार आणि कार्ड दुबळे असेल, तर पैसे चुकीच्या जागी गेले असे समजावे.

विक्रेत्याला चार गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. ग्राफिक्स कार्ड नेमके कोणते आणि त्याची मेमरी किती? रॅमची एक पट्टी आहे की दोन? त्याच क्षमतेच्या दोन पट्ट्या असल्या, तर प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते आणि अनेक खेळ अधिक सुरळीत चालतात. एसएमपीएस किती वॉटचा आहे आणि त्याला 'एटी प्लस' प्रमाणपत्र आहे का? हे प्रमाणपत्र असलेला एसएमपीएस घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज यंत्राला पोचवतो. आणि चौथे, मदरबोर्ड व एसएमपीएस नेहमीच्या मापाचे आहेत का? काही कंपन्या स्वतःच्याच मापाचे भाग वापरतात. मग तीन वर्षांनी मोठे कार्ड घालायचे ठरले, की एसएमपीएस बदलता येत नाही आणि नव्या कॉम्प्युटरखेरीज मार्ग उरत नाही.

एसपी रोडची फेरी

मुंबईला जसा लॅमिंग्टन रोड, तसा बंगळुरूला सदर पत्रप्पा रोड. सगळे त्याला एसपी रोडच म्हणतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये मेट्रोची जांभळी मार्गिका व्हाइटफील्डपर्यंत सलग सुरू झाल्यापासून महादेवपुरातून तिथे जाणे सोपे झाले आहे. सिंगय्यनपाळ्य किंवा गरुडाचारपाळ्य स्थानकावरून मॅजेस्टिकला जायचे, तिथे हिरव्या मार्गिकेची गाडी धरून चिकपेटला उतरायचे आणि पुढे थोडे चालायचे.

पहिल्या फेरीत काहीच विकत घेऊ नये. भागांची यादी दोन-तीन दुकानांत दाखवून लेखी भाव घ्यावेत आणि घरी येऊन ते ऑनलाइन भावांशी ताडून पाहावेत. 'बिल नको असेल तर कमी करतो' असे कोणी म्हटले, तर तो सौदा सोडून द्यावा. बिलावर प्रत्येक भागाचे नाव आणि अनुक्रमांक हवा. भारतात हमी लागू आहे का, हेही विचारून घ्यावे. परदेशातून आडमार्गाने आलेले कार्ड स्वस्त पडते; पण बिघडले की इथले सेवा केंद्र ते दारात उभे करत नाही.

बिघडला तर?

आता आईच्या प्रश्नाकडे येऊ, कारण खरा निर्णय तिथेच होतो.

तयार कॉम्प्युटरला बहुधा एक वर्षाची हमी असते आणि जास्त पैसे भरून ती वाढवता येते. घरी येऊन दुरुस्तीची सोय त्यात असेल, तर एक फोन केला की पुरते. बिघाड कशात आहे ते शोधणे कंपनीचे काम. असेंबल्डमध्ये प्रत्येक भागाची हमी वेगळी असते. अनेक भागांना तीन वर्षे, तर चांगल्या एसएमपीएसला पाच किंवा त्याहून अधिक वर्षेही मिळतात. म्हणजे कागदावर असेंबल्डची हमी मोठी. पण आधी दोषी भाग आपल्याला ओळखावा लागतो. मग तो काढून त्या कंपनीच्या केंद्रात द्यायचा आणि परत येईपर्यंत कॉम्प्युटर बंद ठेवायचा.

जोडणीतल्या साध्या चुकांनीही घरात तंटे होतात. पडदा काळाच राहिला, तर पुष्कळदा रॅमची पट्टी पूर्ण बसलेली नसते किंवा प्रोसेसरला वीज देणारी वेगळी वायर लावायची राहून गेलेली असते. सगळे सुरू होऊनही खेळ रखडत असेल, तर कॉम्प्युटरची मागची बाजू पाहावी. मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डला लावलेली असते आणि चाळीस हजारांचे कार्ड आत नुसते बसून राहिलेले असते!

यूपीएसचा विचार दोन्ही प्रकारांत करावा. साधा ६०० व्हीए यूपीएस साधारण ३६० वॉटचाच भार पेलतो. खेळ चालू असताना चारशे वॉट घेणारे यंत्र त्यावर ठेवले, तर वीज जाताच तेही बंद पडेल. हजार व्हीएचा, सहाशे वॉटचा यूपीएस त्यासाठी योग्य. चारशे वॉटने रोज दोन तास खेळल्यास महिन्याला सुमारे २४ युनिट वीज जाते, हेही बिल भरणाऱ्याला माहीत असलेले बरे.

मधला मार्ग

या दोहोंमध्ये तिसरा मार्गही आहे. भाग आपण निवडायचे, जोडणी मात्र दुकानदाराकडून करून घ्यायची. जोडणीचे थोडे पैसे पडतात, पण जोडलेले यंत्र समोर तासभर चालवून पाहता येते. भाग नेहमीच्या मापाचे असल्याने पुढे बदलता येतात आणि पहिल्या बिघाडाच्या वेळी विचारायला एक दार उरते. मुलाला हौस असेल, तर जोडणी सुरू असताना त्याने शेजारी उभे राहून पाहावे. पुढच्या वर्षी रॅम किंवा एसएसडी वाढवायचे काम तो सहज करील.

ठरवायचे कसे?

घरात कुणालाच स्क्रू ड्रायव्हर हातात धरायचा नसेल, त्याच कॉम्प्युटरवर ऑनलाइन क्लास किंवा ऑफिसचे काम चालणार असेल आणि तो चार दिवस बंद राहणे परवडणार नसेल, तर तयार घ्यावा. घरी येऊन दुरुस्तीची हमी मात्र त्यासोबत घ्यावी. आधी पाहणे, वाचणे, विचारणे आणि मग हात लावणे असा मुलाचा स्वभाव असेल आणि चार-पाच वर्षांत एकेक भाग बदलत जायचा बेत असेल, तर जोडून घेण्यात फायदा आहे. दोन वर्षांत बारावीनंतर तो वसतिगृहात जाणार असेल, तर हा जड डबा तिथे नेता येईल का, की गेमिंग लॅपटॉप बरा, हेही आत्ताच बोलून घ्यावे.

आणि मुलगा "मी जोडतो" म्हणत असेल, तर त्याला लगेच गप्प करू नये. एक वही द्यावी. भागांची यादी, तो भाग का निवडला, तीन ठिकाणचे भाव, हमी किती वर्षांची आणि बिघडल्यास कुठे जायचे, हे सारे त्याने त्यात लिहून दाखवावे. त्यासाठी पंधरा दिवसांची मुदत द्यावी. वही भरली, तर बिघडल्यावर कोण पाहणार याचे उत्तर घरातच आहे. ती कोरी राहिली, तर शनिवारी जाऊन चांगल्या कंपनीचा घेऊन टाकावा. त्यात मुलाचा अपमान नाही आणि वडिलांचा विजयही नाही.

मात्र वही भरली आणि कॉम्प्युटर घरी जोडला गेला, तर पहिल्यांदा बटण दाबताना सगळ्यांनी जवळ असावे. पडदा उजळला तर आनंद आहेच. नाही उजळला, तर "तरी मी सांगत होतो" हे वाक्य तेवढे वडिलांनी गिळावे आणि टॉर्च धरावी.