श्रीमंत मालक की स्वतःचा गल्ला? दोन छोट्या फुटबॉल क्लबचा हिशेब

"सर, मोठा इन्व्हेस्टर मिळाला की धंदा मार्गी लागेल ना?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतोच. या आठवड्याच्या व्हिडिओत आपण त्याचं उत्तर दोन फुटबॉल क्लबमध्ये शोधलं. वेळेअभावी तिथे राहिलेले तपशील इथे देतोय. फुटबॉल कळत नसलं तरी चालेल, जमाखर्च कळला पाहिजे.

क्लब पहिला : ग्रेटना

स्कॉटलंडच्या सीमेवरचं जेमतेम 3,000 वस्तीचं गाव. 2002 मध्ये या गावाचा क्लब स्कॉटिश लीगच्या सगळ्यात खालच्या विभागात दाखल झाला. पुढे ब्रुक्स माइलसन नावाचा उद्योजक मालक म्हणून आला आणि त्याने स्वतःच्या खिशातून पैसा ओतला. चांगले खेळाडू आले, निकाल बदलले. 2005, 2006, 2007 अशी सलग तीन वर्षं क्लब वरच्या विभागात चढत गेला. 2006 मध्ये तर स्कॉटिश कपच्या फायनलला पोहोचला आणि फक्त पेनल्टीवर हरला.

आता गल्ला बघा. 3,000 च्या गावात तिकिटं किती विकली जाणार? वर अव्वल विभागाच्या नियमात गावचं मैदान बसेना, म्हणून 'घरचे' सामने साधारण शंभर किलोमीटर दूर मदरवेलमध्ये भाड्याच्या मैदानावर. एका सामन्याला तर 500 माणसंही आली नाहीत. पगार अव्वल दर्जाचे, गिऱ्हाईक गावाएवढं.

मग माइलसन आजारी पडला आणि पैसा थांबला. मार्च 2008 मध्ये क्लब दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला आणि त्याच उन्हाळ्यात बंद झाला. माणूस वाईट नव्हता, पैसाही खरा होता. पण सगळा डोलारा एकाच माणसाच्या तब्येतीवर उभा होता. पुढे समर्थकांनी 'ग्रेटना 2008' नावाने पुन्हा खालून सुरुवात केली.

क्लब दुसरा : एक्सेटर सिटी

इंग्लंडच्या नैऋत्येकडचा हा क्लब. 2002 मध्ये इथे चमक-धमक जोरात होती. चमचे वाकवणारा युरी गेलर पदाधिकारी होता आणि त्याच्यामुळे खुद्द मायकल जॅक्सन मैदानावर येऊन गेला! पण पाहुण्याने पगार भागत नाहीत. 2003 मध्ये क्लब पाचव्या स्तरावर घसरला, डोक्यावर कर्जाचा डोंगर.

तेव्हा समर्थकांच्या ट्रस्टने क्लब ताब्यात घेतला. आपल्या सहकारी संस्थेसारखं समजा : प्रत्येकाची छोटी वर्गणी, एक सभासद, एक मत. देणेकऱ्यांशी तडजोड झाली. जानेवारी 2005 मध्ये नशिबाने हात दिला. एफए कपमध्ये मँचेस्टर युनायटेडशी गाठ पडली, तीही त्यांच्या मैदानावर. सामना 0-0 सुटला, म्हणून दुसरा सामना एक्सेटरला झाला. तो हरले, पण दोन सामन्यांच्या कमाईने कर्जाचा भार हलका झाला. अचानक आलेला पैसा नवीन स्टार आणण्यात उडवला नाही, हे लक्षात ठेवा.

2007 मध्ये वर चढण्याची संधी शेवटच्या सामन्यात हुकली, 2008 मध्ये जमलं. म्हणजे पाच वर्षं लागली. सोबत ते स्वतःच्या अकादमीत पोरं घडवत राहिले. तिथला ऑली वॉटकिन्स 2017 मध्ये ब्रेंटफर्डला विकला, पण करारात एक ओळ ठेवली : तो पुढे विकला गेला तर आमचा वाटा. 2020 मध्ये ब्रेंटफर्डने त्याला मोठ्या किमतीत ॲस्टन व्हिलाला विकलं आणि एक्सेटरकडे पुन्हा पैसे आले. 2024 च्या युरो सेमीफायनलमध्ये शेवटच्या क्षणी गोल करून इंग्लंडला फायनलला नेणारा वॉटकिन्स तो हाच!

मग श्रीमंत मालक वाईटच का?

नाही. वेल्समधल्या रेक्सममध्ये उलट घडलं. तिथे समर्थकांनीच मतदान करून 2021 मध्ये क्लब दोन हॉलिवूड अभिनेत्यांना दिला : रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकएलहेनी. त्यांनी खेळाडूंवर खर्च केलाच, पण क्लबवर मालिका काढून जगभर गिऱ्हाईकही तयार केलं. मोठे प्रायोजक आले, परदेशात जर्सी खपू लागल्या. 2023 ते 2025 सलग तीन वर्षं क्लब वर चढला. ग्रेटनाही तीनदाच चढला होता. फरक एवढाच की रेक्सममध्ये खर्चाबरोबर कमाईही वाढली.

आणि समर्थकांची मालकी म्हणजे जादूची कांडी नाही. हात आखडता ठेवावा लागतो, प्रगती हळू होते, तगडा स्पर्धक दुप्पट पगारावर तुमचा माणूस पळवतो. ती किंमत मोजायची तयारी हवी.

तुमच्या धंद्यासाठी तीन प्रश्न

1. उद्या पैसा थांबला तर? इन्व्हेस्टर, सासरे, मोठा भाऊ, कोणीही असो. त्यांच्याशिवाय दुकान किती महिने चालेल? उत्तर 'एक' असेल तर तुम्ही ग्रेटना आहात.

2. आलेला पैसा कशात गेला? भाडं-पगारात गेला तर दर महिन्याला पुन्हा लागणार. मशीन, कौशल्य किंवा नवीन गिऱ्हाईक आणण्यात गेला तर तो परत येऊ शकतो.

3. एखादी मोठी ऑर्डर आली तर? दिवाळीत घसघशीत कमाई झाली म्हणून लगेच दुसरा गाळा घेऊ नका. आधी उधारी आणि कर्ज कमी करा. सीझन कायम राहत नाही, हप्ता राहतो.

आजचा गृहपाठ : वहीचं एक पान घ्या. डावीकडे दर महिन्याला ठरलेला खर्च लिहा, उजवीकडे फक्त गिऱ्हाइकाकडून आलेला पैसा. घरचा, उसना, इन्व्हेस्टरचा धरायचा नाही. उजवी बाजू कमी पडत असेल, तर किती रुपयांनी आणि ती कधी भरून निघणार, हे तारखेसह खाली लिहा. तारीख लिहिता येत नसेल, तर नवीन खर्च आज थांबवा.

आकडा काय आला ते कमेंटमध्ये कळवा. भेटू पुढच्या व्हिडिओत!