चाकांवरचे घर आणि उतरते वय

वाचकहो, राहते घर विकून टाकावे, सामान मुलाबाळांत वाटून द्यावे आणि उरलेले आयुष्य एका मोठ्या मोटारीत, आज या गावी तर पुढच्या महिन्यात त्या गावी असे काढावे, असा विचार आपल्यापैकी कोणी जेवता जेवता बोलून दाखविला, तर घरातील मंडळी आधी आपला रक्तदाब मोजतील. अमेरिकेत मात्र साठी उलटलेली अनेक जोडपी हा विचार नुसता बोलून दाखवीत नाहीत, अमलात आणतात. या वाहनांना तिकडे ‘आरव्ही’ म्हणतात. काही स्वतःच्या इंजिनावर चालणारी मोटरहोम असतात, तर काही दुसऱ्या गाडीच्या मागे जोडून ओढायची ट्रेलरे. आत शेगडी, शीतकपाट, पलंग, स्नानगृह, पाण्याची टाकी आणि सांडपाण्याच्या निराळ्या टाक्या अशी सारी व्यवस्था असते. ज्या निवाऱ्यात झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचाची सोय आहे, त्याला तेथील आयकर खाते कर्जावरील व्याजाच्या सवलतीपुरते ‘घर’ मानते. घराची याहून रोखठोक व्याख्या माझ्या वाचनात नाही.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात मी टेक्सासमध्ये मुलीकडे राहिले होते. सकाळी फिरायला जाण्याच्या वाटेवर आरव्हींचा एक तळ होता. तेथे एका जोडप्याशी ओळख झाली. बाई एकोणसत्तर वर्षांच्या, शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान बहात्तर वर्षांचे. चार खोल्यांचे घर विकून ते सहा वर्षे फिरत होते. बाईंनी मला बोलावून सारे घर दाखविले, त्याला पाच मिनिटे लागली. मग कॉफी झाली, आणि कॉफीला दीड तास लागला. त्या दीड तासात ऐकलेल्या गोष्टी आणि नंतर या विषयावर जे वाचले, ते आपल्यापुढे मांडावे असे वाटले; कारण प्रश्न मोटारीचा असला, तरी तो आपल्याही वयाचा आहे.

घर सोडण्याची कारणे

पहिले कारण पैशाचे. अमेरिकेत स्वतःचे घर असले, तरी दरवर्षी मालमत्ता कर, विमा, छपराची डागडुजी, हिवाळ्यात घर उबदार ठेवण्याचे बिल आणि दारातला बर्फ हे सारे चालूच राहते. मुले दूर गेलेली, खोल्या रिकाम्या. त्या खोल्यांसाठी पैसे आणि पाठ दोन्ही झिजवायची. फिरत्या घराला यांतील बरेच लागत नाही. शिवाय बासष्ट वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकाला किंवा कायम रहिवाशाला तेथे 80 डॉलरमध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आजन्म परवाना मिळतो आणि सरकारी तळांवर बहुधा निम्म्या भाड्यात राहता येते. आपल्यापैकी ज्यांची मुले तिकडे आहेत आणि ज्यांच्याजवळ ग्रीन कार्ड आहे, त्यांनाही हा परवाना मिळू शकतो.

मात्र हा हिशेब अर्धाच आहे. मोठे मोटरहोम एका लिटरमध्ये जेमतेम तीन-चार किलोमीटर जाते. घराची किंमत सहसा वर्षागणिक चढते. आरव्हीची किंमत दुकानाच्या फाटकाबाहेर पडताक्षणी उतरू लागते. घर विकून आलेला पैसा वाहनात घातला, तर दहा वर्षांनी परतीच्या वाटेवर घर घेण्याइतका पैसा उरेलच असे नाही. म्हणून तिकडचे जाणते लोक निघण्यापूर्वीच परतीची रक्कम बाजूला काढून ठेवतात आणि तिला हात लावीत नाहीत.

सारेच हौसेने निघतात असेही नव्हे. 2008च्या मंदीत अनेकांची घरे आणि शिल्लक गेली. वयस्क माणसे गाडीत राहून हंगामी कामांमागे फिरू लागली, कधी तळांची देखभाल, कधी मोठ्या गोदामांतील सामानाची उचलाउचल. जेसिका ब्रूडर या पत्रकार महिलेने त्यांच्यावर 2017 साली ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक लिहिले आणि त्यावरून निघालेल्या चित्रपटाला 2021 साली ऑस्कर मिळाले. सत्तरीतल्या माणसाने गुडघे बांधून गोदामात चालत राहावे, याला मी स्वातंत्र्य म्हणणार नाही.

फिरणाऱ्यांचीही एक रीत असते. आपल्याकडे संन्यासी वर्षभर भ्रमंती करीत, पण चातुर्मासात एका ठिकाणी थांबत. तिकडचा चातुर्मास हिवाळ्यात येतो. उत्तरेतील थंडी टाळण्यासाठी हजारो वाहने ॲरिझोनाच्या वाळवंटात उतरतात. क्वार्टझाइट नावाचे गाव एरवी दोन-तीन हजार वस्तीचे. हिवाळ्यात त्याच्या आसपासची सरकारी जमीन आरव्हींनी भरून जाते. 15 सप्टेंबरपासून 15 एप्रिलपर्यंत परवाना काढून तेथे मुक्काम करता येतो.

शरीर काय म्हणते?

बाईंच्या आरव्हीला तीन लोखंडी पायऱ्या होत्या, घडीच्या. तिसरी थोडी हलत असे. पासष्ट वर्षांवरील चार अमेरिकनांपैकी निदान एक जण वर्षातून एकदा तरी पडतो, असे तेथील आरोग्य खाते सांगते. अशा वयात रात्री, पावसात, हलत्या पायरीवरून उतरणे म्हणजे काय, हे आपणांस सांगायला नको. त्यांनी पायरीशेजारी भक्कम दांडा बसवून घेतला होता आणि उंबऱ्याला पिवळी पट्टी लावली होती. स्नानगृह इतके अरुंद की आत पडायलाही जागा नाही, असे त्या हसून म्हणाल्या. त्यात तथ्य आहे. पण त्याच अरुंदपणामुळे आधार देणारी दुसरी व्यक्ती आत शिरू शकत नाही. ज्यांना आंघोळ घालावी लागते किंवा ज्यांना चाकाच्या खुर्चीवाचून हलता येत नाही, त्यांच्यासाठी बहुतेक आरव्ही गैरसोयीच्याच असतात.

औषधांची गोष्ट आणखी बारीक. यजमानांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. आरव्हीतील पुष्कळ शीतकपाटे गॅसवरही चालतात, पण वाहन उतारावर तिरपे उभे राहिले की त्या जातीचे कपाट नीट थंड होत नाही. आणि आतल्या थंड पत्र्याला चिकटून ठेवलेली कुपी गोठते. गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे लागते. म्हणून गाडी उभी केली की चहा करण्याआधी ती समतल आहे ना हे पाहायचे, हा त्या घराचा नियम होता. कपाटात साधा तापमापक होता, तो मला त्या घरातील सर्वांत शहाणी वस्तू वाटला.

रात्री श्वासाचे यंत्र किंवा प्राणवायूचे यंत्र लागणाऱ्यांनी विजेचा विचार आधी करावा. सुसज्ज तळावर वीज असते; रानात मुक्काम केला की बॅटरी किती तास पुरेल हे मोजावे लागते. बंद जागेत गॅसची शेगडी, हीटर आणि शेजारच्या जनरेटरचा धूर यांमुळे कार्बन मोनॉक्साइड साचण्याचा धोका असतो. त्या वायूला वास नसतो. त्याची सूचना देणारे यंत्र आरव्हीत असतेच, परंतु तेही ठराविक वर्षांनी निकामी होते आणि बदलावे लागते. शेगडीवर खोली गरम करीत झोपणे सर्वथा वर्ज्य.

आणि डॉक्टर? घर स्थिर असले की डॉक्टरही स्थिर असतो. आपला आवाज ऐकूनच त्याला काही कळते. फिरत्या माणसाची प्रकृती दर वेळी नव्याने सांगावी लागते. पासष्टीनंतर तेथे सरकारी मेडिकेअर मिळते. मूळ मेडिकेअर देशभर, ते स्वीकारणाऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे चालते. मात्र खासगी कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या ‘ॲडव्हांटेज’ योजना बहुधा एका भागातील ठरावीक डॉक्टरांशी बांधलेल्या असतात. तातडीच्या प्रसंगी त्या कोठेही उपयोगी पडतात, नेहमीच्या तपासणीला नाही. दारिद्र्यात उतरलेल्या नव्हे, तर चांगल्या सुस्थितीतील माणसांचीही येथे फसगत होते. दीर्घकाळ लागणाऱ्या आंघोळ-जेवणाच्या शुश्रूषेचा खर्च तर दोन्हींपैकी कशातूनही सहसा निघत नाही. मुलांनी ग्रीन कार्डावर नेलेल्या आईवडिलांना, तेथे नोकरी केलेली नसल्यास, सलग पाच वर्षे राहिल्यावरच पैसे भरून मेडिकेअर घेता येते, हेही जाता जाता नोंदवून ठेवते.

नॉर्माबाईंची वर्षभराची यात्रा

हा सारा धोका एका बाजूला ठेवून आता दुसरी बाजू पाहा. मिशिगन राज्यातील नॉर्मा बाउअरश्मिट यांचे पती 2015 साली वारले. त्याच सुमारास नव्वद वर्षांच्या नॉर्माबाईंना गर्भाशयाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया, किरणोपचार, रासायनिक उपचार यांचा मार्ग डॉक्टरांनी समजावून सांगितला. बाईंनी तो नाकारला. त्यांचा मुलगा टिम आणि सून रॅमी आधीपासूनच फिरत्या घरात राहत होते. त्यांनी सासूबाईंसाठी मोठे मोटरहोम घेतले आणि रिंगो नावाच्या कुत्र्यासह सारे निघाले. वर्षभर ते अनेक राज्यांतून हिंडले. बाई उष्ण हवेच्या फुग्यातूनही उडाल्या. सप्टेंबर 2016 मध्ये वॉशिंग्टन राज्यातील एका बेटावर, एक्क्याण्णवाव्या वर्षी, मुलासुनेच्या सान्निध्यात त्यांनी देह ठेवला.

ही हकिकत वाचून उपचार सोडावेत असा अर्थ कृपया कोणी काढू नये. कर्करोगाचे प्रकार अनेक आणि नव्वदीचा निर्णय साठीला लागू नाही. मला महत्त्वाचे वाटले ते निराळेच. नॉर्माबाई एकट्या निघाल्या नव्हत्या. सेवा करणारी दोन धडधाकट माणसे त्याच छताखाली होती, गाडी चालविणारे हात तरुण होते, आणि निर्णय आजारी व्यक्तीने स्वतः, शुद्धीवर असताना घेतला होता. या तीन गोष्टी असल्या म्हणजे घर चाकांवर आहे की पायावर, याने फार बिघडत नाही. त्या नसल्या तर आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या, लिफ्ट नसलेल्या स्वतःच्या घरातही माणूस कैदी होतो. पुण्यात, मुंबईत असे कैदी मी पाहिले आहेत. त्यांच्या नावावर घर आहे, आणि त्या घरातून खाली उतरून त्यांना सहा-सहा महिने झाले आहेत.

स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाचे मात्र वेगळे. रात्री उठून उजवीकडे वळले की स्नानगृह, हे त्याच्या पायांना माहीत असते, डोक्याला नव्हे. दर पंधरवड्याला खिडकीबाहेरचे जग बदलले, तर उरलेसुरले आधारही सुटतात आणि अनोळखी तळावर तो दार उघडून चालू लागतो. अशा रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांनी फिरण्याचा मोह टाळावा, निदान एकाच तळावर दीर्घ मुक्काम करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

थांबायचे कोठे?

फिरणाऱ्यांनी या प्रश्नाचा विचार केलेला नाही असे मात्र नाही. जो आणि के पीटरसन या दांपत्याने 1978 साली ‘एस्केपीज’ नावाची संघटना काढली. टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन येथे तिचे मुख्य ठाणे आहे. ज्यांना पक्का पत्ता नाही अशा सभासदांची पत्रे तेथे येतात आणि पुढे पाठविली जातात. त्याच आवारात ‘केअर’ नावाचे केंद्र आहे. वयामुळे किंवा आजाराने ज्यांची भ्रमंती थांबली, ते आपले वाहन तेथे आणून उभे करतात आणि त्यातच राहतात. जेवण, साफसफाई, डॉक्टरकडे ने-आण ही मदत केंद्राकडून मिळते. शस्त्रक्रियेनंतर काही महिने थांबून पुन्हा निघणारेही असतात. घर हलत नाही, पण ते आपले असते. वृद्धाश्रमाची ही तऱ्हा मला विलक्षण वाटली. आपल्याकडे माणसाला हलवून आश्रमात नेतात. येथे माणूस आपल्या पलंगासकट येतो.

आपल्यापैकी कोणी मुलांच्या आग्रहाने तिकडे आठ-दहा दिवस भाड्याच्या आरव्हीतून फिरणार असेल, तर एवढे करावे. गाडी चालू असताना मागच्या पलंगावर आडवे पडू नये. पट्टा लावून आसनावरच बसावे. औषधे हाताशी, आजारांची व गोळ्यांची यादी इंग्रजीत लिहून पाकिटात ठेवावी. पाहुण्यांचा प्रवास विमा जुन्या आजारांना बहुधा लागू नसतो, तो कागद निघण्यापूर्वीच वाचावा. रात्री उठताना दिवा लावल्याशिवाय पाय खाली टाकू नये.

टेक्सासच्या त्या जोडप्याची खरी अडचण मात्र पायरीची नव्हती, इन्सुलिनचीही नव्हती. यजमानांची रात्रीची दृष्टी अधू होत चालली होती आणि सहा वर्षांत बाईंनी ते धूड एकदाही चालविले नव्हते. उद्या यांना काही झाले तर मी येथेच, या खांबापाशी अडकून पडणार, असे त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. यजमान बाहेर पाण्याची नळी गुंडाळीत होते. त्यांच्यापुढे हा विषय अद्याप निघाला नव्हता.

मी भारतात परतल्यावर चार महिन्यांनी बाईंचे पत्र आले. विषय निघाला होता, दोन दिवस अबोलाही झाला होता. मग त्यांनी एका शिक्षकाकडून आठ दिवस शिकून घेतले. पहिल्या दिवशी त्यांनी चाळीस मैल गाडी नेली, यजमान शेजारी नकाशा धरून बसले होते. मागे घेऊन उभी करणे अजून जमत नाही, त्यासाठी शेजारच्या तळावरील कोणाला तरी हाक मारावी लागते, असे त्यांनी लिहिले आहे. पुढचा हिवाळा ते लिव्हिंग्स्टनच्या आसपास काढणार आहेत, ‘फक्त पाहून येण्यासाठी’.