दोन-दोन कार्बनांची कात्री

1904 साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये फ्रान्झ क्नूप हा तरुण संशोधक कुत्र्यांना मेदाम्लं, म्हणजे चरबीचे घटक, खाऊ घालत होता आणि त्यांचं मूत्र तपासत होता. खाल्लेल्या चरबीचं शरीर नेमकं काय करतं, हे त्याला शोधायचं होतं. पण मेदाम्लं शरीरात पार जळून जातात, माग ठेवत नाहीत. म्हणून क्नूपने मेदाम्लाच्या कार्बन-साखळीच्या शेपटाला बेंझिनचं वलय अडकवलं. हे वलय शरीराला फोडता येत नाही. उरलेल्या तुकड्यासकट ते मूत्रात उतरतं. साखळीत विषम कार्बन असले, तर शेवटी हाती यायचं बेंझॉइक आम्ल. सम असले, तर फिनाइल-असेटिक आम्ल. एकेक कार्बन तुटत असता, तर दोन्ही साखळ्यांचा शेवट सारखाच झाला असता. म्हणजे कात्री चालते ती दोन-दोन कार्बनांवरच! किरणोत्सारी खुणांचं तंत्र हाताशी नसताना लढवलेली ही युक्ती मला जीवरसायनातली सर्वांत देखणी वाटते.

या कात्रीतून किती ऊर्जा मिळते ते पाहायला तुपातलं पामिटिक आम्ल घ्या. त्यात 16 कार्बन. पेशीला आधी पदरचे दोन एटीपी (पेशीची ऊर्जेची नाणी) मोडावे लागतात. मग कार्निटिन नावाचा हमाल त्याला मायटोकॉन्ड्रिया या पेशीतल्या भट्टीच्या आत नेतो. तिथे सात वेळा कात्री चालते, आठ तुकडे पडतात. दर कापाला चार एटीपी, म्हणजे 28. दर तुकडा पुढे जळताना दहा, म्हणजे 80. पदरचे दोन वजा केले की उरतात 106. (जुन्या पाठ्यपुस्तकात 129 दिसले तर गोंधळू नका, तेव्हा हिशेबाचे दर चढे होते.) ग्लुकोजच्या एका रेणूतून जेमतेम 30-32 मिळतात. साखरेत ऑक्सिजन आधीच भरपूर, म्हणजे ती अर्धवट जळालेलीच; मेदाम्ल मात्र सुकं सरपण. म्हणून ग्रॅमला चरबीच्या नऊ किलोकॅलरी, साखरेच्या चार.

मग उपवासाला चरबी जळायलाच हवी. पण उपवासाला खातात तो साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्याचं पोटात ग्लुकोज होतं. ग्लुकोज मुबलक झालं की पेशीत मॅलोनिल-कोए नावाचं संयुग तयार होतं आणि ते कार्निटिनचं दारच लावून घेतं. खिचडीची दुसरी वाटी घेतलेल्या माणसाची चरबी तेवढा वेळ दाराबाहेर ताटकळत राहते.