हिरवळीला पर्याय जलपिंपळीचा

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन रेल्वेगाडी लातूरला गेली. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी पोहोचले. शंभर चौरस मीटर हिरवळ ऐन उन्हाळ्यात टवटवीत ठेवावयाची, तर दररोज सुमारे ५०० लिटर पाणी लागते. अशा दहा हिरवळी ते सारे पाणी शंभर दिवसांत पिऊन टाकतील. माण, खटाव, आटपाडी, जत यांसारखे अवर्षणप्रवण तालुके असलेल्या सातारा व सांगली जिल्ह्यांत ही चैन परवडणारी नाही.

पर्याय दूर शोधावा लागत नाही. नदीकाठी, पाटांच्या कडेला, ओलसर बांधांवर जलपिंपळी जमिनीलगत पसरलेली आढळते. तिच्या प्रत्येक पेरातून मुळे फुटतात, पाने लहान व टोकाकडे दातेरी असतात. पांढरट-गुलाबी फुलांचा इवलासा गेंद पुढे लांबट होतो आणि पिंपळीची आठवण करून देतो. मूळ धरल्यावर तिला गवताहून पुष्कळ कमी पाणी पुरते व कापणीही क्वचितच करावी लागते. जपानमध्ये याच वनस्पतीचे निवडक वाण जमीन झाकण्यासाठी लावले जातात. आपली हरळीही काटक खरी; पण तिच्यावर मधमाश्या क्वचितच येतात.

लागवड मृगाच्या पावसावर करावी. तण काढून जमीन भुसभुशीत करावी आणि दोन-तीन पेरांचे तुकडे वीतभर अंतरावर लावावेत. पहिले दोन महिने निंदणीत हयगय झाल्यास तणच वरचढ ठरते. गर्द सावलीत ही वेल विरळ होते. मुलांच्या खेळाच्या मैदानासाठी तर ती मुळीच योग्य नाही. फुलांवर मधमाश्या असताना अनवाणी चालणेही टाळावे. तिचा पसरण्याचा स्वभाव लक्षात घेऊन वाफ्याला दगडविटांची कड घालावी. तिच्या दक्षिण अमेरिकेतील एका भावंडाने ऑस्ट्रेलियातील मरे-डार्लिंग खोऱ्याच्या पूरमैदानांत मोठा उपद्रव केला आहे.

फुलांची हौस म्हणून काही जण कासच्या पठाराकडे वळतात. २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून गौरविलेल्या पश्चिम घाटातील त्या पठारावरची फुले जांभ्यावरील बोटभर मातीत आणि पावसाळी ओलीत जगतात. अंगणात ती तग धरीत नाहीत. तेथील रोपटे उपटून आणू नये. जलपिंपळीच्या ओंजळभर फांद्या मात्र शेजारच्या बांधावरून, मालकाला विचारून, आणता येतात आणि एका वाफ्यात वाढवून पुढील पावसाळ्यात साऱ्या अंगणात लावता येतात.