दोन पिनांचा पहारा

ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देताना रुग्णाच्या फुफ्फुसांत साधारणपणे तीन वायू सोडले जातात: ऑक्सिजन, नायट्रस ऑक्साइड आणि हवा. तिन्ही रंगहीन. नायट्रसला किंचित गोडसर वास असतो, पण बंद नळीतून वाहणाऱ्या वायूचा वास घेणार कोण? ऑक्सिजनऐवजी नुसता नायट्रस गेला तर मेंदूला इजा व्हायला काही मिनिटं पुरतात, आणि झोपवलेला माणूस तक्रारही करू शकत नाही. असे दोन वायू शेजारी शेजारी ठेवून रोज एवढी ऑपरेशनं सुखरूप पार पडतात, याचं मला अजूनही नवल वाटतं.

वायू ओळखायची पहिली खूण म्हणजे रंग. आपल्याकडे ऑक्सिजनचा सिलिंडर काळा आणि त्याचे खांदे पांढरे, तर नायट्रसचा निळा. पण रंगावर किती विसंबायचं? अमेरिकेत ऑक्सिजन हिरव्या सिलिंडरमध्ये मिळतो. शिवाय रंग उडतो, रात्री दिवे जातात, घाईत हात भलत्याच सिलिंडरकडे वळतो. म्हणून ओळख डोळ्यांकडून काढून धातूकडे सोपवली गेली.

भूल देण्याच्या यंत्राला आपल्याकडे अजूनही बॉइल्स मशीन म्हणतात. लंडनचे भूलतज्ज्ञ हेन्री बॉइल यांनी १९१७मध्ये पहिलं यंत्र बनवलं, त्यावरून हे नाव. या यंत्राच्या ज्या कमानीत सिलिंडर अडकवतात तिला यॉक म्हणतात. यॉकमध्ये वायू आत शिरण्याचं तोंड असतं आणि त्याच्या खाली दोन बारीक पिना, प्रत्येकी ४ मिलिमीटर जाड आणि ६ मिलिमीटर लांब. सिलिंडरच्या वॉल्व्हवर त्यांच्या जोडीची दोन भोकं. एका कमानदार रेषेवर या पिनांच्या जागा ठरलेल्या आहेत. ऑक्सिजनला दुसरी आणि पाचवी, नायट्रसला तिसरी आणि पाचवी, हवेला पहिली आणि पाचवी. म्हणजे ऑक्सिजन आणि नायट्रस यांच्यात फरक एकाच पिनेचा, तोही काही मिलिमीटरचा. पण तेवढ्याने चुकीचा सिलिंडर यॉकमध्ये बसतच नाही. पाटी वाचायला नको, काही आठवायला नको. अंधारात, थकलेल्या हातांनीसुद्धा हे काम बरोबरच होतं. १९५२मध्ये आलेली ही पद्धत आजही जगभर चालते.

तिला चकवताही येतं, आणि तेही एका वॉशरने. सिलिंडर आणि यॉक यांच्यामध्ये वायू गळू नये म्हणून धातूची कड असलेली रबरी चकती घालतात. तिला बोडोक सील म्हणतात. जुनी चकती न काढता तिच्यावर दुसरी चढवली, तर मधलं अंतर वाढतं, पिना भोकांत न शिरताही स्क्रू आवळला जातो आणि सगळा पहारा फुकट जातो. म्हणून सिलिंडर बदलताना चकती एकच आहे ना, हे बघायचं असतं.

आता सिलिंडरच्या आत डोकावू. १० लिटर आकारमानाच्या सिलिंडरमध्ये १५० बार दाबाने ऑक्सिजन भरला, की त्यात बाहेरच्या मापाने सुमारे १,५०० लिटर वायू मावतो. दाब निम्म्यावर आला की वायूही निम्मा उरला, असा सरळ हिशेब. मिनिटाला १० लिटर लागत असतील तर भरलेला सिलिंडर अडीच तास पुरेल.

नायट्रसचं गणित असं सरळ नाही. तो सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो आणि वर त्याची वाफ. वाफ जितकी निघून जाते तितका द्रव उकळून ती जागा भरून काढतो, त्यामुळे गेजचा काटा २० अंशांना ५१ बारच्या आसपास जवळजवळ स्थिर राहतो. निम्मा सिलिंडर संपला तरी तो हलत नाही. तो घसरू लागतो तेव्हा द्रव संपलेला असतो आणि थोडाच वायू उरलेला असतो. घरचा स्वयंपाकाचा गॅस किती उरला हे जसं सिलिंडर उचलून कळतं, तसंच नायट्रसचं: काट्याकडे पाहू नका, वजन करा. उकळायला लागणारी उष्णता द्रव सिलिंडरच्या पत्र्यातूनच ओढून घेतो, म्हणून वायू भराभर वापरला की बाहेरून दहिवर जमतं.

याहून अद्भुत गोष्ट उन्हाळ्यात घडते. ३६.५ अंशांच्या वर नायट्रस द्रवरूपात राहूच शकत नाही, मग कितीही दाबा. म्हणजे मे महिन्यात, पारा ४५वर गेलेला असताना, नागपुरात एखाद्या तापलेल्या खोलीत ठेवलेल्या सिलिंडरमध्ये द्रव आणि वाफ हा भेदच उरत नाही. दाब झपाट्याने चढतो. म्हणून थंड देशांत जिथे १० किलो पाणी मावेल एवढ्या सिलिंडरमध्ये ७.५ किलो नायट्रस भरतात, तिथे उष्ण देशांत ६.७ किलोवरच थांबतात. सिलिंडरवर देखरेख ठेवणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय याच नागपुरात आहे.

मोठ्या रुग्णालयाच्या आवारात दिसणाऱ्या उभ्या पांढऱ्या टाकीत मात्र द्रव ऑक्सिजन असतो, फिकट निळा आणि भयंकर थंड. सामान्य दाबाला तो उणे १८३ अंशांवर उकळतो. त्याच्या एका लिटरपासून सुमारे ८५० लिटर वायू मिळतो. एवढी थंडी टिकवायला टाकीला ना मोटर लागते, ना वीज. एकात एक दोन टाक्या, मधली जागा निर्वात. थोडी उष्णता आत झिरपतेच. तिच्यामुळे द्रव उकळतो, आणि उकळताना राहिलेल्या द्रवाला गार करतो. रुग्णांनी ऑक्सिजन घेत राहावं, एवढ्यावर ही टाकी स्वतःला थंड ठेवते. तिच्याखाली काँक्रीट असतं, डांबर कधीच नाही, कारण द्रव ऑक्सिजनने भिजलेलं डांबर नुसत्या धक्क्यानेही पेटू शकतं. याच भीतीने ऑक्सिजनच्या वॉल्व्हला तेल किंवा ग्रीस लावत नाहीत, आणि वॉल्व्ह सावकाश उघडतात. झटकन उघडला तर पुढच्या अरुंद जागेत वायू एकदम दाबला जाऊन तापतो.

या टाकीवर किती जीव टांगलेले असतात हे महाराष्ट्राने एप्रिल २०२१मध्ये, कोविडच्या लाटेत, पाहिलं. १९ तारखेला द्रव ऑक्सिजन आणण्यासाठी सात रिकामे टँकर रेल्वेच्या वाघिणींवर चढवून कळंबोलीहून विशाखापट्टणमला निघाले. गाडीवरच्या टँकरची उंची घाटात चालणारी नव्हती, म्हणून ती वसई, जळगावमार्गे लांबून गेली. ती परतण्याआधीच, २१ तारखेला, नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीला गळती लागली. आवारात पांढरं धुकं पसरलं. ते ऑक्सिजनचं नव्हतं, हवेतल्या, थंडीने गोठलेल्या बाष्पाचं होतं. ऑक्सिजन त्या धुक्यातूनही दिसला नसता. नळीतला दाब पडला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले.

टाकीपासून थिएटरपर्यंत ऑक्सिजन तांब्याच्या नळ्यांतून सुमारे ४ बार दाबाने येतो. भिंतीआड नळ्यांची अदलाबदल झाली, तर पिना काय करणार? तिथे शेवटचा राखणदार म्हणजे यंत्रातला ऑक्सिजन मोजणारा मीटर. ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो, भुलेचे बाकीचे वायू जवळजवळ नाहीत. या गुणावर चालणारा मीटर लायनस पॉलिंग यांनी १९४०मध्ये बनवला, आणि आजच्या अनेक यंत्रांत तेच तत्त्व आहे. सगळ्या पाट्या ‘ऑक्सिजन’ म्हणत असताना हा मीटर ‘नाही’ म्हणू शकतो.

तो तसं म्हणाला की यंत्राचा राखीव सिलिंडर उघडायचा. पण नुसता उघडून भागत नाही. सिलिंडरचा वायू यंत्रात भिंतीच्या नळीपेक्षा मुद्दाम थोड्या कमी दाबाने सोडतात, नाहीतर चुकून उघडा राहिलेला राखीव सिलिंडर गुपचूप रिकामा होईल. त्यामुळे जास्त दाबाचा, चुकीचा वायूच वाहत राहतो. भिंतीला जोडलेली नळी काढली, तरच सिलिंडरमधला ऑक्सिजन रुग्णापर्यंत पोचतो.